तेवीस फूट

उद्यमनगरातल्या शेडच्या फरशीवर
मी खडूनं तेवीस फूट आखलेत. रुंदी आठ.
पुढं दोन माणसं झोपतील एवढी तिकोनी जागा,
डावीकडं शेगडी, उजवीकडं बेसिन,
आणि त्या रेघेच्या आत मी अनवाणी उभा,
चपला बाहेर काढून.
का काढल्या, विचारू नका.

शेजारी ट्रेलरवर टिटवी. चौदा फुटी.
तिच्या सुकाणूची पिन ह्याच लेथवर काढलेली,
ज्या वर्षी ऑर्डरी आटल्या
आणि हाताला काहीतरी पाहिजे होतं.

आज सोमवार, पट्टे बंद. शैला स्टुलावर बसून
बिलबुकाच्या मागं आकडे मांडते:
ट्रेलरसकट तेराशे किलो. आपल्या जीपला ओढायचं नाही.
म्हणजे बोट नव्हे, बोट आणि गाडी.
शटर नऊ फुटी, ते जमेल. पण गगनबावडा संपला
की करूळचा उतार.
मागच्या खेपेचा ब्रेकचा वास आठवतोय का तुम्हाला?

आठवतोय.
त्याच खेपेला विजयदुर्गच्या खाडीत
आम्ही ताडपत्रीखाली रात्र काढली,
तिचा गुडघा माझ्या बरगडीत, दव टपटपतंय,
डासांची तर जत्राच.
पहाटे तिनंच म्हटलं होतं,
पुढच्या वेळी मला छप्पर पाहिजे.
आता तीच वजाबाकी करते
आणि मी हातचा कुठला, ते शोधतोय.

आप्पा कुलगुडे म्हणतो, मोठी घे भावा.
समुद्र घाटाखाली, आपण घाटावर,
एवढं लांब ओढत न्यायचं येडेपण केलंच आहेस,
मग त्यात काटकसर कसली?
आप्पाला पोहता येत नाही.

रत्नागिरीचे मुकादम विकतायत, गुडघे गेले म्हणून.
फोनवर भाव सांगायच्या आधी म्हणाले,
मोठी घेतली तेव्हा ठरवलेलं, वर्षाला चाळीस दिवस.
गेल्या साली झाले नऊ.
पण ते नऊ, साहेब...
पुढं काही बोलले नाहीत. मला वाटलं लाइन गेली.
लाइन गेली नव्हती.

आणि एक गोष्ट हिशेबात बसत नाही.
ज्या वर्षी पंचगंगा सुतारवाड्यात शिरली,
टिटवी बोळाबोळातून फिरली,
लाइटच्या मीटरांना हात टेकत, वल्ह्यानं भिंती ढकलत.
पाटणकर काकू शिलाई मशीन घेतल्याशिवाय उतरेनात.
मशीन मधे, काकू पुढं, मी मागं,
आणि पाणी काठापासून चार बोटं.
तेवीस फुटी त्या बोळात वळली नसती.
वळली असती तर मात्र दोन मशीनं बसली असती,
काकूंच्या जाऊबाईंचंही,
ज्यावरून त्या अजून माझ्याशी बोलत नाहीत.

हे काही कारण नव्हे. पूर रोज येत नाही.
खाडीही रोज येत नाही म्हणा.
रोज येतो तो बाबासो, सकाळी साडेआठला, झाडू घेऊन.
त्याला सांगायला पाहिजे, एवढी रेघ सोडून झाड.

शैलानं पेन बिलबुकात अडकवलं.
उठली, चप्पल काढली,
रेघ ओलांडताना पदर जरा वर धरला,
आणि पुढच्या तिकोनात, लोखंडी चुऱ्याच्या फरशीवर,
सरळ आडवी झाली.
पाय लांब केले. पुरले.
छताकडं बघत विचारलं,
डोकं इकडं करायचं का तिकडं?

मी उत्तर दिलं नाही.
टिटवीच्या डाव्या चाकात हवा कमी वाटत होती,
ती भरायला घेतली.